दुकानदार चिल्लर घेत नाही, मग काय करायचं?
हजार रुपयांची मर्यादा, दहाचं नाणं आणि बँकेची जबाबदारी



आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची कमाई नोटांत येत नाही, नाण्यांत येते. अर्नाळ्याहून नाहीतर पाचूबंदरहून मच्छीची पाटी घेऊन बसणारी ताई, विरार स्टेशनबाहेर भाजीच्या जुड्या विकणारी, जीवदानीच्या पायथ्याशी हार-फुलं आणि ओटीचं सामान ठेवणारी, कार्तिकात निर्मळच्या यात्रेत दुकान मांडणारी, या सगळ्यांचा गल्ला संध्याकाळी जड असतो. पण जड गल्ला म्हणजे मोठी कमाई नव्हे. त्यात एक, दोन, पाच आणि दहाची नाणी असतात.

खरी अडचण पुढेच येते. किराणावाला म्हणतो, "ताई, एवढी चिल्लर नको." ठोक व्यापारी म्हणतो, "बंदी नोट आणा." बँकेत गेलं तर कॅशियर म्हणतो, "आज गर्दी आहे, नंतर या." मग एखादा भेटतो आणि म्हणतो, "शंभराची चिल्लर द्या, पंच्याण्णव देतो." आपण निमूट देतो.

हिशोब करून बघा. समजा, एका ताईकडे रोज तीनशे रुपयांची चिल्लर जमते आणि ती शंभराला पाच रुपये तोटा सोसून बदलून घेते. रोजचे पंधरा रुपये गेले. महिन्याचे सव्वीस दिवस धंदा धरला तर ३९० रुपये, आणि वर्षाचे ४,६८० रुपये. गटात महिन्याला शंभर रुपये बचत करणाऱ्या बाईची ही जवळजवळ चार वर्षांची बचत झाली! सरकारने छापलेलं नाणं पूर्ण किमतीचं असताना हे नुकसान आपण का सोसायचं? म्हणून कायदा काय म्हणतो, दुकानदाराचं कुठे बरोबर आहे, कुठे चूक आहे आणि बँकेने काय करायला हवं, हे या अंकात समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात नाण्यांसाठी 'नाणे अधिनियम, २०११' हा कायदा आहे. त्याच्या कलम ६ मध्ये कोणतं नाणं किती रकमेपर्यंत चालतं ते लिहिलं आहे. दोन आकडे लक्षात ठेवा.

पहिला आकडा हजार. एक रुपया आणि त्यापेक्षा मोठं कोणतंही नाणं, म्हणजे एक, दोन, पाच, दहा, वीस, हे एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहे.

दुसरा आकडा दहा. पन्नास पैशाचं, म्हणजे आठ आण्याचं नाणं दहा रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहे. म्हणजे वीस नाणी.

हो, आठ आणे बंद झालेले नाहीत! बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी. ती ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. पन्नास पैसे बाजारात दिसत नाहीत, म्हणून लोक ते बंद झाले असं समजतात.

नोटांना मात्र अशी मर्यादा नाही. दहा-दहाच्या नोटांनी पाच हजारांचं देणं फेडलं तरी ते कायद्याने चालतं. मर्यादा आहे ती फक्त नाण्यांना.

ही मर्यादा कशाला?

काही जणींना वाटेल, सरकारचंच नाणं, मग मर्यादा कशाला? एका रुपयाचं एक नाणं हलकं असतं. पण अशी हजार नाणी म्हणजे तीन किलोहून जास्त ओझं. हेच हजार रुपये दहाच्या नाण्यांत दिले तर शंभर नाणी होतात आणि वजन पाऊण किलोच्या थोडं वर जातं. ती मोजायची कुणी, ठेवायची कुठे आणि त्यात किती वेळ जाणार? निवडणुकीची अनामत रक्कम एखाद्या उमेदवाराने सगळी चिल्लरीत भरली आणि कर्मचारी तासन्‌तास मोजत बसले, अशा बातम्या आपण वाचतो. रोज असं झालं तर कुणाचाच धंदा चालणार नाही.

बाहेरच्या देशांतही हे असंच आहे. युरोपात युरो चालतो तिथे एका वेळी पन्नासपेक्षा जास्त नाणी घ्यायला दुकानदार बांधील नाही. जपानमध्ये एकाच किमतीची वीस नाणी एवढीच मर्यादा आहे. त्या मानाने आपली हजार रुपयांची मर्यादा छोट्या विक्रेत्याला पुष्कळ सोयीची आहे.

दुकानदाराने घ्यायलाच हवी का?

इथे घाईने भांडायला जाऊ नका, आधी नीट समजून घ्या.

'कायदेशीर चलन' म्हणजे काय? तुमचं कुणाचं देणं आहे आणि ते तुम्ही कायद्याने मान्य असलेल्या नाण्यांत, मर्यादेत राहून, पुढे केलं, तर समोरचा "पैसे दिलेच नाहीत" असं म्हणू शकत नाही. तुम्ही खानावळीत जेवलात आणि ऐंशी रुपयांचं बिल दहाच्या आठ नाण्यांत दिलं, तर ते बिल फिटलं. किराण्याची उधारी सहाशे रुपये आहे आणि तुम्ही पाचच्या १२० नाण्यांत दिली, तरी तीही फिटली. दुकानदाराला ती मोजायचा कंटाळा येईल, पण "हे पैसेच नाहीत" असं तो म्हणू शकत नाही.

हजाराच्या वर गोष्ट वेगळी आहे. ठोक व्यापाऱ्याचे पंचवीसशे रुपये द्यायचे आहेत आणि तुम्ही सगळी चिल्लर पुढे केली, तर तो नाही म्हणू शकतो. तेव्हा तो कायदा मोडत नाही. अशा वेळी हजारापर्यंत नाणी आणि बाकीच्या नोटा असा मेळ घालायचा. तो राजी असेल तर जास्तही घेईल, पण ती त्याची मर्जी.

आणखी एक गोष्ट खरीखुरी सांगायला हवी. नाणं नाकारणाऱ्या दुकानदाराला अमुक इतका दंड, असं कलम नाणे कायद्यात नाही. म्हणून "आत्ता पोलिसांना बोलावते" ही धमकी पहिल्याच वाक्यात देऊन काही मिळत नाही. शिवाय, उद्या त्याच दुकानात जायचं असतं. माहिती असलेली बाई शांतपणे बोलली की समोरचा बहुतेक वेळा ऐकतो. असं बोलून बघा:

"भाऊ, हे सरकारचंच नाणं आहे. हजार रुपयांपर्यंत चालतं. मी शंभर-शंभराच्या पुड्या करून आणल्यात, तुम्ही एक पुडी मोजून बघा."

पुडी बांधून नेली की अर्धं भांडण तिथेच मिटतं. दुकानदाराचा राग नाण्यावर नसतो, मोजण्याच्या कटकटीवर असतो.

दहाचं नाणं आणि अफवा

"दहाचं नाणं चालत नाही," "हे दहाचं खोटं आहे, याच्यावर रुपयाचं चिन्ह नाही," हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. काही जणींनी तर या भीतीने दहाची नाणी डब्यात टाकून ठेवली आहेत.

रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केलं की तोपर्यंत दहाच्या नाण्याचे १४ वेगवेगळे नमुने निघाले होते आणि ते सगळे चालतात. रुपयाचं नवं चिन्ह जुलै २०१० मध्ये स्वीकारलं गेलं. त्याआधी निघालेल्या नाण्यांवर ते असणारच नाही. तसंच, कुठल्या नाण्यावर दहा रेषा दिसतील, कुठल्यावर पंधरा. दोन्ही खरी आहेत. नाणं नोटेसारखं लवकर फाटत नाही, वर्षानुवर्षं चालतं. म्हणून जुन्या-नव्या नक्षीची नाणी एकाच वेळी बाजारात फिरतात. एक रुपयाचंही तसंच. आधीचं थोडं मोठं होतं, आताचं लहान आहे. दोन्हीची किंमत एक रुपयाच.

शंका घेणाऱ्यासाठी एक सोपा उपाय आहे. रिझर्व्ह बँकेने १४४४० हा नंबर दिला आहे. त्यावर फोन लावला की कट होतो आणि मग तिकडून फोन येऊन दहाच्या नाण्याची माहिती ऐकवली जाते. दुकानदाराच्या समोर स्पीकरवर लावा. आपण सांगण्यापेक्षा रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं बरं!

वीसचं नाणंही आता आपल्या हातात येतं. ते बारा बाजूंचं आहे. तेही खरं आहे.

काळी पडलेली नाणी

मच्छी विकणाऱ्या बहिणींचा हा खास प्रश्न. गल्ल्याला खारं पाणी लागतं, नाणी काळी-हिरवी पडतात, मग कुणी घेत नाही. कायदा सांगतो की नाणं कापलेलं, घासलेलं, ठोकून त्याचा आकार बदललेलं नसावं आणि फार झिजून वजनाला कमी भरणारं नसावं. वापरून साधारण झीज झाली किंवा रंग गेला म्हणून नाणं बाद होत नाही. तरी घरी आणल्यावर नाणी गोड्या पाण्यात धुऊन, फडक्यावर कोरडी करून ठेवा. चिंच लावून घासत बसायची गरज नाही. भोक पाडलेलं, वाकवलेलं नाणं मात्र दुकानात पुढे करू नका.

आणि हो, नाणी भंगारात देणं, वितळवणं हा गुन्हा आहे. भंगारवाला कितीही भाव सांगो, त्या वाटेला जाऊ नका.

जास्त चिल्लर असेल तर बँक

दुकानदाराला हजाराची मर्यादा आहे. मग गल्ल्यात चार हजारांची चिल्लर साठली तर? त्यासाठी बँक आहे. खातेदाराने किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. उलट, बँकेच्या कोणत्याही शाखेने छोट्या किमतीची नाणी आणि नोटा नाकारू नयेत, असं ती बँकांना वेळोवेळी बजावत आली आहे. मोजायला वेळ लागतो म्हणून एक-दोन रुपयांची नाणी वजन करून किंवा शंभर-शंभराच्या पिशव्यांत घ्यावीत, असंही तिनेच सुचवलं आहे.

तरीही शाखा टाळाटाळ करतात. त्यामागे नेहमीच कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानची २०२३ मधली गोष्ट बघा. भाविकांनी दानपेटीत टाकलेली नाणी एवढी झाली की काही बँकांनी ठेवायला जागाच नाही म्हणून नवी नाणी घ्यायला नकार दिला. संस्थानला थेट रिझर्व्ह बँकेकडे दाद मागायचा विचार करावा लागला. एवढ्या मोठ्या संस्थानची ही स्थिती, मग आपल्या छोट्या शाखेतही तिजोरी लहान आणि माणसं कमी असणारच. म्हणून आपली तयारी चांगली हवी. पण त्यांची अडचण म्हणून आपला भरणा नाकारला जावा, असं मात्र नाही.

बँकेत जाताना एवढं करा:

१. किमतीप्रमाणे नाणी वेगळी करा. एकची वेगळी, दोनची वेगळी, पाच-दहाची वेगळी.

२. प्रत्येक पारदर्शक पिशवीत बरोबर शंभर नाणी भरा. आत चिठ्ठी टाका: किंमत, नग, एकूण रक्कम, खातेदाराचं नाव.

३. महिन्याचा पहिला आठवडा आणि सोमवार टाळा. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा.

४. डबा भरेपर्यंत थांबू नका. पंधरा दिवसांनी थोडी-थोडी भरा.

५. नाणी भरायला काही शुल्क आहे का, ते आधी विचारा. गटाच्या खात्याचे नियम वेगळे असू शकतात.

६. भरणा पावतीवर शिक्का घ्या आणि पासबुकात नोंद बघा.

तरी नाही म्हणाले तर

आधी शाखा व्यवस्थापकांना भेटा. कॅशियरशी वाद घालू नका. व्यवस्थापकांनीही नाही म्हटलं तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्जाचा नमुना इथे देत आहोत, कापून ठेवा:

*प्रति, मा. शाखा व्यवस्थापक, ........ बँक, शाखा ........*

*विषय : नाण्यांचा भरणा स्वीकारण्याबाबत.*

*महोदय, माझे / आमच्या गटाचे आपल्या शाखेत खाते आहे. खाते क्रमांक ........ दिनांक ........ रोजी मी ........ रुपयांची नाणी किमतीप्रमाणे वेगळी करून, शंभर-शंभराच्या पिशव्यांत घेऊन आले होते. ती स्वीकारली गेली नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे शाखेने नाणी नाकारू नयेत. कृपया भरणा स्वीकारावा किंवा न स्वीकारण्याचे कारण लेखी द्यावे.*

*आपली विश्वासू, ........*

बहुतेक वेळा 'कारण लेखी द्यावे' या ओळीनंतर पिशव्या मोजायला घेतल्या जातात. तरी काम झालं नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ही तक्रार मोफत असते, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ या टोल फ्री नंबरवर फोन करा. ऑनलाइन तक्रार भरायला बँक सखीची किंवा सीआरपी ताईंची मदत घ्या.

आपणही दुकानदार आहोत

आता थोडं स्वतःकडे बघू. आपल्यातल्या कितीजणी किराणा चालवतात, वडापावची गाडी लावतात, पापड-मसाले विकतात. शाळेतली पोरं दहाचं नाणं घेऊन आली तर आपण काय म्हणतो? "हे चालत नाही, दुसरं दे"? मग दुसऱ्या दुकानदाराला नावं कशी ठेवायची? आपण घेतलं की आपल्या गावात ते चालायला लागतं. अफवा मोडायची सुरुवात आपल्याच गल्ल्यापासून होते.

आणि सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी-चॉकलेट ठेवू नका. चॉकलेट हे चलन नाही. गिऱ्हाइकाला नको असेल तर ते नाकारायचा त्याला हक्क आहे. आपल्यावर कुणी असं करत असेल तर तोच हक्क आपल्यालाही आहे.

गंमत बघा, एकीकडे मच्छीवाल्या ताईकडे चिल्लर जास्त होते, दुसरीकडे किराणावाल्या ताईला सुट्टे मिळत नाहीत. दोघी एकाच ग्रामसंघात! मग मधल्या माणसाला पाच रुपये कशाला द्यायचे? आमची सूचना अशी आहे. गटाच्या बैठकीत बचत आणि परतफेड घेऊन झाली की दहा मिनिटं 'सुट्ट्यांची अदलाबदल' ठेवा. जिच्याकडे जास्त तिने पुड्या आणाव्यात, जिला हवे तिने नोटा आणाव्यात. शंभराला शंभर, एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. दोघींनी समोरासमोर मोजायचं. ही अदलाबदल बचतीच्या पैशात मिसळायची नाही, दप्तरात तिची नोंदही करायची नाही, कारण तो गटाचा व्यवहार नाही. ज्या दोघींचा व्यवहार, त्यांनी तिथेच मिटवायचा.

बैठकीत विचारले जाणारे प्रश्न

*गटाची बचत सदस्य चिल्लरीत देते. कोषाध्यक्षाने घ्यायची का?*
घ्यायची. शंभर रुपयांची बचत नाण्यांत दिली तरी ती बचतच आहे. फक्त मोजून आणायला सांगा. सगळ्या चिल्लरीचं ओझं एकट्या कोषाध्यक्षावर टाकू नका. बँकेत जाताना आळीपाळीने एक सदस्य सोबत जाऊ द्या.

*मी दीड हजाराचा माल घेतला. हजाराची नाणी आणि पाचशेची नोट दिली तर?*
हा चांगला मेळ आहे. आधी व्यापाऱ्याला सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी वाद होणार नाही.

*कुणी मला मुद्दाम त्रास द्यायला दोन हजारांची उधारी एक-एक रुपयांत आणून दिली तर?*
हजारापुढची नाणी घ्यायला तुम्हीही बांधील नाही. कायदा दोन्ही बाजूंनी सारखाच आहे.

*आठ आण्याची बरीच नाणी घरात आहेत. काय करू?*
दुकानात एका वेळी दहा रुपयांपर्यंत देता येतात. जास्त असतील तर बँकेत भरा.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत हे पान मोठ्याने वाचून दाखवा. ज्या बहिणींना वाचता येत नाही त्यांच्याकडेच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त चिल्लर असते आणि त्यांनाच सगळ्यात जास्त फसवलं जातं. हजार, दहा, १४४४० आणि १४४४८ हे चार आकडे त्यांच्या तोंडपाठ करून घ्या. आणि पुढच्या वेळी कुणी शंभराच्या चिल्लरीचे पंच्याण्णव देऊ केले, तर पुडी परत पिशवीत घाला आणि सरळ म्हणा, "राहू द्या भाऊ, माझे शंभरचे शंभरच आहेत."